वाचक विचारतात: एकाच फेजच्या दोन केबल, एकीत ५४० अँपिअर आणि दुसरीत २९० कसे?

प्रश्न (इचलकरंजीहून, प्रोसेस हाऊसमध्ये मेंटेनन्स बघणारे वाचक):
नमस्कार सर, आमच्याकडे ६३० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर आहे, तिथून एलटी (लो टेन्शन, कमी व्होल्टेजच्या) पॅनेलपर्यंत साधारण ४० मीटर अंतर. प्रत्येक फेजला ४०० स्क्वेअर एमएम ॲल्युमिनियम सिंगल कोरच्या दोन-दोन केबल आहेत, ट्रेमध्ये एकीला एक चिकटून, आर आर मग वाय वाय मग बी बी (तीन फेजची नावं) अशा ओळीने. परवा वायची एक केबल हाताला जास्तच गरम लागली म्हणून टाँग टेस्टर (केबलला चिमट्यासारखा पकडून करंट मोजायचा मीटर) लावला तर एका वायमध्ये ५४० अँपिअर आणि दुसऱ्या वायमध्ये २९०. आरमध्ये ३९५ आणि ४२५, बीमध्ये ४७० आणि ३३०. वायरमन म्हणाला २९० वाली केबल आतून गेलीय. लग (केबलच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) बदलले, क्रिम्पिंग म्हणजे ते दाबणं परत केलं, काही फरक नाही, शेवटी ती केबलच बदलली तरी तेच. अजून एक गंमत म्हणजे मित्राकडून दोरीसारख्या कॉइलवाला मीटर आणून दोन्ही वाय एकदम त्यात घेतल्या तर ७९५ येतात, ८३० नाही. मीटर खराब आहे का? स्किन इफेक्ट, प्रॉक्सिमिटी इफेक्ट असं वाचलं, तेच असेल तर हिशोब कसा करायचा?

उत्तर:
मीटर चांगलाय, केबल चांगल्या आहेत, लगसुद्धा बहुतेक चांगलेच होते. आणि काढलेली केबल अजून भंगारात दिली नसेल तर देऊ नका, कामाची आहे. तुमच्याकडे खराब काहीच नाही, फक्त केबल ट्रेमध्ये चुकीच्या ओळीने बसल्यात.

वायरमनला पण बोलू नका फार. रेझिस्टन्स सारखा तर करंट सारखा हे आपण सगळे आयटीआयपासून घोकत आलोय आणि डीसीला ते खरंही आहे. शिवाय ४० मीटरच्या या केबलचा गरम असतानाचा रेझिस्टन्स जेमतेम ४ मिलीओहम, त्यामुळे एखाद्या लगने ०.४ मिलीओहम जास्त दाखवला तरी १० टक्के फरक पडतो, म्हणजे आधी लगवर संशय घेणं बरोबरच. पण १० टक्क्याने ५४० आणि २९० होत नाहीत.

आता असं बघा. वायच्या दोन केबल दोन्ही टोकांना एकाच बसबारवर, म्हणजे पॅनेलमधल्या जाड धातूच्या पट्टीवर, बोल्ट केल्यात. म्हणजे तुमच्याकडे ४० मीटर लांब आणि जेमतेम बोटभर रुंद अशी एक बंद रिंग तयार झालीय. त्या रिंगच्या एका बाजूला आरच्या केबल, दुसऱ्या बाजूला बीच्या, आणि दोघांचं मॅग्नेटिक फील्ड त्या मधल्या फटीतून आरपार जातंय. बंद रिंगमधून बदलतं फील्ड गेलं की रिंगमध्ये करंट फिरणारच, ट्रान्सफॉर्मर चालतो तोच नियम. हा फिरणारा करंट एका वाय केबलमध्ये लोडच्या करंटमध्ये मिळवला जातो आणि दुसरीत वजा होतो. लोडला याचा पत्ताच नसतो, त्याला दोन्ही मिळून ७९५ मिळतातच.

आणि ८३० विरुद्ध ७९५ चं कोडं पण इथेच सुटतं. दोन्ही केबलमधले करंट एका वेळी वर-खाली होत नाहीत, एक थोडा पुढे एक थोडा मागे, म्हणून वेगवेगळे मोजून साधी बेरीज केली की जास्त येते. एकदम मोजले की खरी बेरीज येते. खरं म्हणजे हे रीडिंग तुम्ही घेतलंत म्हणूनच मला लगेच कळलं, नाहीतर मी पण लगच तपासायला सांगितले असते, खोटं कशाला बोला.

तुम्ही विचारलेला स्किन इफेक्ट आणि प्रॉक्सिमिटी इफेक्ट आधी निकालात काढू. स्किन इफेक्ट म्हणजे करंट वायरच्या कडेला सरकणं, प्रॉक्सिमिटी म्हणजे शेजारच्या वायरमुळे एका अंगाला सरकणं, दोन्हींमुळे एकाच केबलच्या आत करंट असमान वाटला जातो आणि रेझिस्टन्स वाढल्यासारखा होतो. ५० हर्ट्झला करंट ॲल्युमिनियममध्ये साधारण १२ मिलिमीटर आत शिरतो आणि तांब्यात ९.३. तुमच्या कंडक्टरची त्रिज्याच १२ च्या आसपास आहे म्हणजे तो जवळपास पूर्ण कामाला लागतोय. आयईसी ६०२८७ या केबलच्या आंतरराष्ट्रीय मानकातल्या सूत्रात आकडे घातले तर स्किनमुळे रेझिस्टन्स वाढतो ०.८ टक्के आणि प्रॉक्सिमिटीमुळे साधारण १ टक्का. बस. हे सूत्र १००० स्क्वेअर एमएमच्या केबलला महत्त्वाचं, तुमच्या भानगडीत त्याचा हात नाही.

तुमचा हिशोब वेगळा, तो असा. प्रत्येक केबलचा व्होल्टेज ड्रॉप लिहायचा. त्यात एक भाग स्वतःच्या रेझिस्टन्सचा, कॅटलॉगमध्ये ४०० स्क्वेअर एमएमला २० अंशांना ०.०७७८ ओहम प्रति किलोमीटर असतो, ९० अंशांना तो ०.१ धरा. दुसरा भाग सहाही केबलच्या करंटमुळे येणारा, त्यात प्रत्येक करंटला ०.०६२८ गुणिले (१ भागिले अंतर) याचा नॅचरल लॉग, आणि हा भाग ९० अंश पुढे असतो म्हणून कॉम्प्लेक्स आकड्यात लिहायचा. ०.०६२८ हा आकडा ५० हर्ट्झचा, किलोमीटरला ओहममध्ये. अंतर म्हणजे केबलच्या मध्यापासून मध्यापर्यंत. स्वतःच्या बाबतीत अंतर शून्य घेऊन चालत नाही, तिथे कंडक्टरच्या त्रिज्येच्या ०.७७८८ पट घ्यायचं, तुमच्याकडे ते अंदाजे ९ मिलिमीटर येतं. केबल चिकटून आहेत म्हणून शेजारचं अंतर ३६ मिलिमीटर धरलं, पुढचं ७२, १०८ असं. आर्मर (केबलवरचं धातूचं कवच), न्यूट्रल आणि टोकाची वळणं मी सोडून दिलीत.

मग अट एकच, एका फेजच्या दोन्ही केबलचा ड्रॉप सारखा असला पाहिजे कारण दोन्ही टोकं जोडलेली आहेत. आणि त्या दोघींची बेरीज त्या फेजच्या लोडएवढी. सहा अनोळखी करंट, सहा समीकरणं. एक्सेलमध्ये होतं पण कॉम्प्लेक्स मॅट्रिक्स ते थेट उलटं करत नाही, खरा भाग वेगळा आणि काल्पनिक वेगळा करून बारा बाय बाराचं करावं लागतं, त्यापेक्षा पायथॉन येणारा एखादा भाचा-पुतण्या पकडा, दहा ओळींचं काम आहे.

फेजला ८०० अँपिअर धरून मी केलं. आर मध्ये ३९३ आणि ४३२. वाय मध्ये ५५५ आणि २८२. बी मध्ये ४७८ आणि ३२५. आता तुमचे आकडे बघा शेजारी ठेवून! तुमचा एकही इंच मी मोजलेला नाही, केबलची जाडी पण अंदाजाने धरली, तरी एवढं जवळ येतं.

यात दोन गोष्टी मला स्वतःला फार आवडतात त्यामुळे थोडं विषयांतर सहन करा. पहिली, ट्रेची लांबी. समीकरणात रेझिस्टन्स आणि हा दुसरा भाग दोन्ही लांबीच्या पटीत वाढतात म्हणून लांबी कटते, ४० मीटर असो की ४०० हीच वाटणी राहणार. त्यामुळे छोटा रन आहे, काय फरक पडतो, हे म्हणणं इथे लागू नाही.

दुसरी म्हणजे नक्शात पाहिलं तर दोन्ही वाय अगदी सारख्या जागी आहेत, एकीच्या शेजारी आर दुसरीच्या शेजारी बी, आरशातली प्रतिमाच, मग एकीलाच जास्त का? कारण फेजचा क्रम. आर पुढे, वाय त्याच्यामागे, बी त्याच्यामागे, या क्रमामुळे आरशाची सिमेट्री मोडते आणि आरच्या बाजूची वाय जड होते. क्रम उलटा केलात तर जड केबल दुसऱ्या बाजूला जाईल. आणि केबलला रेझिस्टन्स नसताच तर गंमत म्हणजे दोन्हीत सारखाच करंट दिसला असता, पण अर्धा-अर्धा नाही, दोन्हीत साठ-साठ टक्के (एक पुढे एक मागे, म्हणून खरी बेरीज शंभरच). आरमध्ये बघा, तिथेही १०० अँपिअर फिरतोयच पण तो लोडच्या करंटला जवळपास काटकोनात आहे म्हणून टाँग टेस्टरला ३९५ आणि ४२५ असं निरागस दिसतं. टाँग टेस्टरवर दोन आकडे जवळजवळ सारखे दिसले म्हणून सगळं ठीक आहे असं समजू नका.

नुकसान किती? ज्या केबलमध्ये ४०० जायला हवे तिथे ५५५ गेले तर तिच्यातली उष्णता जवळजवळ दुप्पट, कारण करंटचा वर्ग. वाय फेजचे एकूण लॉस २१ टक्के वाढतात, ते बिलात कुठेतरी मुरतात, पण इन्सुलेशन म्हातारं होतं ते त्या एकाच केबलचं. आणि कॅटलॉगमधलं रेटिंग सहा केबल चिकटून ठेवल्यावरचं नसतं हेही लक्षात घ्या.

उपाय फुकटचा आहे. केबल ओढायची नाही, काढायची नाही. ट्रेमध्ये डावीकडून १ ते ६ नंबर द्या आणि दोन्ही टोकांना जोडण्या बदला. १ ला आर, २ ला वाय, ३ ला बी, ४ ला बी, ५ ला वाय, ६ ला आर. आर वाय बी बी वाय आर. आता मध्यभागी आरसा धरा, डावी बाजू आणि उजवी बाजू एकच, फेजच्या क्रमासकट, त्यामुळे प्रत्येक फेजच्या दोन्ही केबलमध्ये बरोबर ४००-४०० येतात, हिशोब करायचीही गरज नाही. बरेच जण आर वाय बी आर वाय बी करतात आणि समजतात की मिसळलं म्हणजे झालं, तसं नाही, त्यात आरसा बसत नाही आणि वाटणी परत बिघडते. ट्रेमध्ये जागा असेल तर तीन-तीनचे त्रिकोणी गठ्ठे, आर वाय बी एक आणि त्याचाच आरशातला दुसरा, मध्ये थोडी मोकळी जागा, हे अजून चांगलं. फेजला तीन केबल असतील तर सपाट ओळीत पूर्ण समान वाटणी जमत नाही, तिथे त्रिकोणी गठ्ठेच करा.

शटडाऊन घेऊन, लायसनवाल्या कॉन्ट्रॅक्टरकडूनच करा हे सांगायला नको पण सांगतो. चार्ज करण्याआधी प्रत्येक केबलची दोन्ही टोकं एकाच फेजवर आहेत याची कंटिन्युइटी बघा, मेगर करा (इन्सुलेशन तपासा), आणि पॅनेलवर फेज सिक्वेन्स मोजा, नाहीतर पंप उलटे फिरतील आणि दोष माझ्या नावावर. एक अडचण येऊ शकते, मधल्या केबलच्या शेपट्या लांबच्या बसबारपर्यंत पोचत नाहीत. नाशिककडच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये आमचं तेच झालं होतं, दोन केबल वीतभर कमी पडल्या आणि रात्री अकरा वाजता बसबारला लिंक पट्टी लावत बसलो. आधी टेप लावून बघा.

प्रश्न (पुण्याहून, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी):
सर, दोन शेजारच्या वायरमध्ये करंट उलट दिशेला असेल तर समोरासमोरच्या बाजूला गोळा होतो आणि एकाच दिशेला असेल तर दूरच्या बाजूला, असं पुस्तकात आहे. प्रोजेक्टमध्ये मला ही आतली वाटणी काढून चित्र दाखवायचंय. सूत्राने फक्त एकूण रेझिस्टन्स मिळतो, चित्र कसं मिळवू? घरातल्या वायरिंगवर केलं तर चालेल का?

उत्तर:
वरचं इचलकरंजीचं उत्तर वाचलंस का? तेच गणित तुला लागणार आहे. एका जाड कंडक्टरचे मनातल्या मनात बारीक बारीक चौकोनी तुकडे पाड, प्रत्येक तुकडा म्हणजे एक स्वतंत्र वायर, सगळ्या टोकांना जोडलेल्या. मग प्रत्येक तुकड्याचा ड्रॉप सारखा ही अट घाल आणि मॅट्रिक्स सोडव. ट्रेमधल्या सहा केबलमध्ये जे होतं तेच एका केबलच्या आत होतंय, फक्त प्रमाण लहान. एका वायरचे स्वतःचे अंतर ०.७७८८ गुणिले त्रिज्या होतं, चौकोनी तुकड्याला ते बाजूच्या ०.४४७ पट घ्यायचं. ४०० स्क्वेअर एमएमचे २ मिलिमीटरचे तुकडे केलेस तर एका कंडक्टरचे १०० होतात, सहा कंडक्टरचे ६००, लॅपटॉपला हे काहीच नाही. तुकडा करंटच्या शिरकावाच्या खोलीपेक्षा बराच लहान हवा एवढं सांभाळ.

उत्तर बरोबर आलं का ते बघायला एफईएमएम नावाचं मॅग्नेटिक फील्डचा हिशोब करणारं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात तीच भूमिती काढून तुलना कर, परीक्षकांना दोन पद्धतींची तुलना आवडते. प्रस्तावनेत एक परिच्छेद हवाच असेल तर कार्सनचा १९२१ चा आणि ड्वाइटचा १९२३ चा निबंध आहे, दोन्ही प्रॉक्सिमिटीवरच, त्यांनी हे सगळं कॉम्प्युटरशिवाय केलं हे वाचून जरा लाज वाटते.

घरातली वायर मात्र नको घेऊस. २.५ स्क्वेअर एमएमच्या तांब्याचा व्यास १.८ मिलिमीटरच्याही आत, ५० हर्ट्झला करंट ९.३ मिलिमीटर शिरतो, चित्रात सगळं एकसारख्या रंगाचं येईल आणि सर म्हणतील प्रोजेक्ट कुठंय. त्यापेक्षा पॅनेलमधल्या १०० बाय १० च्या दोन तांब्याच्या पट्ट्या घे, मध्ये १० मिलिमीटर फट, एकदा करंट एका दिशेला आणि एकदा उलट. रुंद पट्ट्यांच्या कडांना काय होतं ते चित्रात झकास दिसतं. एक मात्र लिही रिपोर्टमध्ये, की दोऱ्यांच्या पिळाची खरी केबल अखंड धातूसारखी वागत नाही, दोऱ्यांमधला संपर्क अर्धवट असतो, म्हणून आयईसीच्या सूत्रात पण प्रॉक्सिमिटीसाठी ०.८ सारखा कमी गुणक वापरतात.

प्रश्न (साताऱ्याहून, गृहिणी):
इंडक्शन शेगडी बंद पडली म्हणून मुलाने उघडली. आतली कॉइल म्हणजे सुतळीसारखी, शंभरेक केसाएवढ्या तारा वळलेल्या. एक जाड तार का घालत नाहीत? स्वस्त पडली असती ना?

उत्तर:
पडली असती, पण मग कढईआधी कॉइलच तापली असती. तुमच्या शेगडीत करंट सेकंदाला वीस-तीस हजार वेळा पुढे जाऊन मागे येतो, तेवढ्या वेगात तो तांब्यात अर्धा मिलिमीटरसुद्धा शिरत नाही. जाड तारेचं पोट रिकामंच राहिलं असतं. त्यात कॉइलचे सगळे वेढे शेजारी-शेजारी आणि सगळ्यांत करंट एकाच दिशेला, त्यामुळे प्रत्येक वेढ्यातला करंट शेजाऱ्यांपासून लांब, एका कडेला ढकलला जातो. म्हणून बारीक तारा, प्रत्येकीवर वेगळं वार्निश, आणि पिळ असा की प्रत्येक तार कधी आत कधी बाहेर येते, म्हणजे कुणा एकीलाच वाईट जागा मिळत नाही. नुसत्या बारीक तारा पिळ न देता सरळ शेजारी ठेवल्या असत्या तर वर इचलकरंजीला झालं तेच झालं असतं. मुलाला सांगा कॉइल ठीक दिसत असेल तर हात लावू नकोस, आणि आतला मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही थोडा वेळ झटका देतो.

प्रश्न (रत्नागिरीहून, बर्फ कारखाना):
नवीन पॅनेलला सिंगल कोर केबल घेतल्या, लोड रेटिंगच्या निम्मापण नाही, तरी खालची ग्लँड प्लेट (केबल आत घ्यायचा भोकांचा पत्रा) चटका बसेल एवढी तापते. केबल मात्र गार. कारण काय?

उत्तर:
प्लेट लोखंडी पत्र्याची आहे आणि प्रत्येक केबल वेगळ्या भोकातून गेलीय, बरोबर? मग प्रत्येक भोकाभोवती लोखंडाची बंद कडी झाली आणि त्या कडीत एकाच फेजचं फील्ड कोंडलं गेलं, पत्र्यातच करंट फिरतोय. तिन्ही फेज एकाच भोकातून गेले असते तर फील्ड एकमेकांना खाऊन टाकतं. ॲल्युमिनियमची किंवा मॅग्नेट न चिकटणाऱ्या स्टेनलेसची ग्लँड प्लेट करून घ्या. ते येईपर्यंत शटडाऊन घेऊन तिन्ही फेजच्या भोकांना जोडणारी एक चीर पत्र्यात करवतीने पाडा आणि फायबरची पट्टी लावून बंद करा. समुद्राजवळ आहात तर ती चीर उघडी ठेवू नका, पहिल्याच पावसाळ्यात आत गंज आणि उंदीर दोन्ही येतात.